‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणण्याआधी

ऑगस्ट १९८३. पुण्यात भारत फोर्जच्या कारखान्यात सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एक हेल्पर कामाच्या जागी लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. कंपनीने त्याला चार्जशीट दिली, चौकशी केली आणि बडतर्फ केलं. तो कामगार न्यायालयात गेला. तिथे शिक्षा फार कडक झाली असं ठरलं. मग वरच्या कोर्टांतून फिरत फिरत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि जानेवारी २००५ मध्ये बडतर्फी कायम झाली. एका झोपेचा हिशेब मिटायला एकवीस वर्षं लागली.

एचआरमध्ये नव्याने आलेल्या पोरांना हा निकाल कुणीतरी सांगितलेला असतो आणि त्यांनी त्याचा अर्थ काढलेला असतो : ड्युटीवर झोपला की काढता येतं. पण हा हेल्पर पहिल्यांदा झोपला म्हणून गेला नाही. अशाच कसुरीबद्दल त्याला आधी तीन वेळा शिक्षा झालेली होती आणि ती कागदावर होती. चौथ्या वेळी कंपनी त्या तीन कागदांवर उभी राहिली. ते कागद नसते, तर नुसत्या अकरा-चाळीसच्या झोपेवर बडतर्फी टिकली असती असं मला वाटत नाही.

मी पंचवीसेक वर्षं पुणे-नाशिक पट्ट्यातल्या कारखान्यांत हे काम केलं. सुरुवातीला दारावर ‘पर्सोनेल’ अशी पाटी होती, नंतर ती ‘एचआर’ झाली. या काळात व्यवस्थापनाने हरलेली जी प्रकरणं मी जवळून पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत माणसाने गैरवर्तन केलेलंच होतं. चोरी खरी होती, मारामारी खरी होती. हरायचं कारण वेगळं असायचं. कोर्ट ‘याने केलं का?’ इथून सुरुवात करत नाही. ‘याने केलं हे तुम्ही कसं ठरवलंत?’ इथून करतं. या लेखात तेवढंच समजावून घेऊ. मंदीमुळे होणारी कपात किंवा कारखाना बंद करणं हा निराळा विषय आहे, त्याचे नियमही निराळे.

आधी एक फाटा बघून घ्यावा लागतो. समोरचा माणूस कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ आहे का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा (म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांचा) कायदा आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा हे तिन्ही औद्योगिक संबंध संहितेत मिसळले. त्या संहितेची व्याख्या थोडक्यात अशी : अंगमेहनतीचं, कुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा कामगार. व्यवस्थापकीय काम करणारा बाहेर, आणि देखरेख करणारा महिना १८,००० रुपयांच्या वर गेला की तोही बाहेर. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला किंमत नाही. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या एका ‘सिक्युरिटी इन्स्पेक्टर’ला कामगार ठरवलं, कारण दिवसभर तो जे काम करायचा त्यात इन्स्पेक्टरकी काही नव्हती. उलट गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली कोर्ट म्हणालं, शाळा हा उद्योग असेल, पण शिकवणं हे व्याख्येतल्या कुठल्याच कामात बसत नाही, म्हणून शिक्षक कामगार नाहीत. हिंजवडीत ‘असिस्टंट मॅनेजर’ असा हुद्दा देऊन दिवसभर कोड लिहायला लावलेला आणि हाताखाली चिटपाखरू नसलेला इंजिनिअर त्या ‘तांत्रिक’ शब्दात सहज बसू शकतो. त्याला नोटीस पिरियडचा पगार देऊन वाटेला लावता येतं असं धरून चालणाऱ्यांनी व्याख्या एकदा वाचावी.

खऱ्या व्यवस्थापकाचं नातं मुख्यतः नेमणूकपत्रातल्या अटींवर चालतं. तिथे कोर्ट नोकरी परत देण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही, नुकसानभरपाईवर भागतं. इथून पुढचं सगळं कामगाराबद्दल आहे.

चार्जशीट, आणि शिवीचा प्रश्न

चार्जशीट म्हणजे आरोपपत्र. त्यात काय हवं? वाचणाऱ्याला आपल्यावर नेमका कसला आरोप आहे हे कळलं पाहिजे. तारीख, वेळ, शिफ्ट, जागा, काय केलं, कुणासमोर केलं, आणि स्थायी आदेशांतल्या कुठल्या कलमाखाली ते गैरवर्तन ठरतं. ‘आपले वर्तन समाधानकारक नाही’ ही चार्जशीट नाही, ते शाळेच्या प्रगतिपुस्तकातलं वाक्य आहे.

‘आपण दिनांक अमुक रोजी चोरी केलीत, तरी आपणास बडतर्फ का करू नये?’ हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलंय. यात चौकशीच्या आधीच निकाल लागला. ‘आपण चोरी केल्याचा आरोप आहे’ असं लिहा, आणि शिक्षेचं नावही काढू नका. चार्जशीट ज्याला द्यायची त्याला वाचता येईल अशा भाषेत द्या. चाकणच्या लाइनवर बिहारचा पोरगा असेल, तर त्याला मराठी कागद देऊन घेतलेली सही उद्या तुमच्याच अंगावर येते. हिंदी प्रत जोडायला पाच मिनिटं लागतात.

सगळ्यात अवघड जागा शिवीची. एका कारखान्यात ‘आपण सुपरवायझरना अत्यंत अश्लील भाषेत शिवीगाळ केली’ अशी चार्जशीट निघाली. चौकशीत कामगाराच्या बचाव प्रतिनिधीने पहिलाच प्रश्न टाकला, “कोणती शिवी?” सुपरवायझर लालबुंद झाला. “साहेब, इथे मॅडम बसल्यात.” प्रतिनिधी मुरलेला युनियनवाला होता. तो म्हणाला, “मग लिहून घ्या, साक्षीदाराला शिवी सांगता आली नाही.” ते तसंच लिहिलं गेलं आणि ते प्रकरण तिथेच संपलं.

शिवी जशीच्या तशी लिहावी लागते. टाइप करणाऱ्याला कसंतरी होतं, एचआर मॅनेजरला सही करताना कसंतरी होतं, पण इलाज नाही. आपल्याकडे एकच शब्द टपरीवर मित्राला मारलेली हाक असतो आणि शॉप फ्लोअरवर कॉलर धरून म्हटला की गैरवर्तन असतो. कुठला शब्द, कुठल्या प्रसंगी, कुणाला, हे कागदावर नसेल तर पुढे कुणी काय ठरवायचं?

निलंबन

गुन्हा गंभीर असेल किंवा माणूस आत राहिला तर साक्षीदारांवर दबाव येईल असं वाटत असेल, तर चौकशी होईपर्यंत त्याला निलंबित करता येतं. ही शिक्षा नाही. म्हणून निर्वाह भत्ता द्यावा लागतो. पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा, आणि पुढे रखडण्यात कामगाराचा दोष नसेल तर ७५ टक्के. नव्या संहितेने चौकशीही निलंबनापासून साधारण ९० दिवसांत संपवायला सांगितलंय.

भत्ता थकवणं ही फार महागात पडणारी कंजुषी आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणींतला एक सुरक्षा अधिकारी निलंबित झाला. गाव केरळात. भत्ता मिळेना, म्हणून चौकशीला कोलारपर्यंत येण्यापुरतेही पैसे नाहीत, असं त्याने कळवलं. चौकशी त्याच्या गैरहजेरीत उरकली आणि त्याला काढलं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशीच बाद केली. पोट बांधून माणसाला बचाव करायला बोलावणं ही संधी नव्हे, असा त्याचा मथितार्थ. याच निकालात एचआरला रोज लागणारा आणखी एक मुद्दा आहे. पोलीस केस चालू असली तरी खात्यांतर्गत चौकशी थांबवायलाच हवी असं नाही, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. फक्त आरोप गंभीर, गुंतागुंतीचा आणि दोन्हीकडे तोच पुरावा असेल, तर चौकशी थोडी थांबवणं इष्ट.

चौकशीची खोली

डोमेस्टिक एन्क्वायरी, म्हणजे कंपनीची अंतर्गत चौकशी, कशी चालवायची हे कायद्याच्या पुस्तकात एका जागी नीट लिहिलेलं सापडत नाही. ते कोर्टांनी घडवलंय. सूर एनॅमल या कारखान्याच्या प्रकरणात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच गोष्टी सांगितल्या, आणि साठ वर्षांनंतरही माझ्या मते त्या भिंतीवर लावून ठेवण्यासारख्या आहेत. आरोप स्पष्ट कळवलेले हवेत. साक्षीदारांच्या साक्षी कामगाराच्या समोर व्हायला हव्यात. त्याला उलटतपासणीची संधी हवी. स्वतःची आणि आपल्या साक्षीदारांची साक्ष देण्याची संधी हवी. आणि चौकशी अधिकाऱ्याने आपला निष्कर्ष कारणांसह लिहायला हवा.

वाचायला सोपं आहे. घोटाळा पहिल्याच दिवशी होतो. मॅनेजर आधीच पाच जणांचे जबाब लिहून घेतो आणि चौकशीत ते नुसते फाइलला लावतो. कामगारासमोर कुणी बोलतच नाही. मग उलटतपासणी कुणाची करायची, कागदाची? किंवा ज्या अधिकाऱ्याने चोर पकडला, तोच चौकशी अधिकारी होऊन बसतो. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असेल तर गावच्या पंचायतीतही लोक उठून जातील.

बाहेरचा वकील चौकशी अधिकारी म्हणून नेमायची पद्धत आता बऱ्याच कंपन्यांत आहे. त्याची फी कंपनी देते एवढ्यावरून चौकशी पक्षपाती ठरत नाही. कामगाराने वकील मागितला तर? तो त्याचा सरसकट हक्क नाही. बहुतेक ठिकाणी सहकारी किंवा युनियनचा माणूस बचावाला बसतो. पण मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका जुन्या प्रकरणात कंपनीच्या बाजूने कायद्याचे पदवीधर अधिकारी बसले होते आणि कामगाराला वकील नाकारला होता. कोर्ट म्हणालं, हा सामना बरोबरीचा नाही. तुमच्या बाजूला एलएलबी झालेला एचआर बसणार असेल, तर समोरच्याच्या वकिलाला नाही म्हणायच्या आधी हे आठवावं.

पुरावा किती लागतो? इथे नवे लोक उगाच घाबरतात. फौजदारी खटल्यासारखा ‘संशयातीत’ पुरावा इथे लागत नाही. शहाणा माणूस ज्यावर विश्वास ठेवेल असा पुरावा असला की पुरे. हरियाणातल्या एका बस कंडक्टरचं १९७७ चं प्रकरण आपल्या एसटीतही सारखं वापरलं जातं. तपासणी पथकाने गाडी थांबवली, पैसे देऊनही तिकीट न मिळालेले प्रवासी सापडले. पुढे चौकशीत त्या प्रवाशांना साक्षीला आणलं नाही म्हणून कंडक्टरने आक्षेप घेतला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. प्रत्येक प्रवाशाच्या मागे त्याच्या गावापर्यंत धावायची गरज नाही, तपासनिसाची साक्ष हाही पुरावाच.

कामगार आलाच नाही तर चौकशी एकतर्फी चालवता येते. मात्र त्याला बोलावल्याचा माग हवा. शेवटच्या माहीत पत्त्यावर पत्र (रजिस्टर एडी आता स्पीड पोस्टातच गेलंय, पण पोच जपून ठेवायची सवय तीच), नोटीस बोर्ड, निदान एक तारीख जास्तीची. आणि एकतर्फी चौकशीतही साक्षीदार बोलवावेच लागतात. तो आला नाही म्हणजे त्याने कबूल केलं, असं होत नाही. रोज काय घडलं त्याच्या रोजनाम्यावर प्रत्येकाची प्रत्येक पानावर सही घ्या. ‘सही करायला नकार दिला’ हेसुद्धा साक्षीदारासमोर लिहा.

घाई हाही दोषच. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखावर २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या लैंगिक छळाच्या तक्रारी आल्या. समितीने बैठकांवर बैठका लावल्या, त्याने आजारपणासाठी मागितलेली मुदत नाकारली, एकतर्फी निष्कर्ष काढला आणि तो बडतर्फ झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. तक्रारी खोट्या आहेत असं कोर्टाने म्हटलं नाही. समितीच्या घाईने पीडितांचंच नुकसान केलं, असं म्हटलं. चौदा वर्षांनी सापशिडीत साप गिळतो तसं सगळं परत खाली. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीवर बसणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा. ‘मुलींना लवकर न्याय मिळू दे’ या चांगल्या हेतूनेच ही चूक होते. कायद्याने त्या चौकशीला ९० दिवस दिलेत, ते वापरा.

अहवाल आला, शिक्षा किती?

चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल हातात आला की मॅनेजर थेट बडतर्फीचं पत्र टाइप करायला सांगतो. थांबा. अहवालाची प्रत कामगाराला द्यावी लागते आणि त्यावर त्याचं म्हणणं मागवावं लागतं. हे १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवून टाकलंय.

मग शिक्षा. इथे शिवीचीच दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. १९८२ च्या निकालातल्या उत्तर प्रदेशातल्या एका कामगाराने वरिष्ठाशी उर्मट, धमकीवजा भाषा केली होती, पण चौदा वर्षांच्या नोकरीत दुसरा डाग नव्हता. कोर्टाने नोकरी परत दिली आणि दोन वेतनवाढी रोखण्यावर भागवलं. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात कामगाराने वरिष्ठाला घाण शिव्या दिल्या होत्या. तिथे कोर्ट म्हणालं, अशा भाषेला बडतर्फी ही जास्त शिक्षा नाही. मग नियम काय? नियम असा नाही. काय बोलला, कुठल्या प्रसंगी बोलला, आधीचं रेकॉर्ड कसं आहे, इतरांना याच कसुरीसाठी काय दिलंत, हे सगळं तागडीत पडतं. कसूर किरकोळ आणि शिक्षा धक्का बसावी इतकी जड असेल, तर महाराष्ट्राचा कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित प्रथा यांबद्दलचा १९७१ चा कायदा, ज्याला आपण सगळे एमआरटीयू अँड पीयूएलपी म्हणतो, तो तिला ‘अनुचित कामगार प्रथा’ म्हणतो. युनियनवाल्यांना त्याची चौथी अनुसूची तोंडपाठ असते. एचआरवाल्यांना क्वचितच.

म्हणून जुनं रेकॉर्ड. बहुतेक सुपरवायझर तीन वर्षं एखाद्याचे खाडे, उशिरा येणं, उलट बोलणं सोसतात. “जाऊ दे, पोरगा कामाला चांगला आहे.” मग एके दिवशी डोकं फिरतं आणि ते एचआरच्या दारात येतात, “याला आजच्या आज काढा.” फाइल उघडली तर आत नेमणूकपत्र आणि पासपोर्ट साइझ फोटो. वर तीन वर्षांची पगारवाढ आणि अप्रेझलमध्ये ‘व्हेरी गुड’. हे अप्रेझल कामगाराचा वकील कोर्टात कसं वाचून दाखवतो ते ऐकलंय मी. तोंडी दिलेल्या पन्नास ताकिदींपेक्षा सही घेतलेलं अर्ध्या पानाचं एक ताकीदपत्र जड जातं. आणि जुनं रेकॉर्ड शिक्षेसाठी वापरणार असाल तर ते कामगाराला आधी कळवा, मागच्या दाराने आणू नका.

आणखी एक खड्डा. पगारवाढीच्या मागण्यांचा वाद समेट अधिकाऱ्याकडे किंवा न्यायाधिकरणाकडे चालू असेल, तर त्या काळात त्या वादाशी संबंधित कामगाराला वादाशी संबंध नसलेल्या गैरवर्तनासाठी बडतर्फ करतानाही एक महिन्याचा पगार द्यावा लागतो आणि मंजुरीचा अर्ज त्याच वेळी करावा लागतो. चोरी रंगेहाथ पकडलेली असली तरी. अर्ज केला नाही तर बडतर्फी झालीच नाही असं धरलं जातं, हे २००२ मध्ये घटनापीठाने सांगितलंय. टाइम ऑफिसला हे माहीत नसतं आणि एचआरच्या लक्षात राहत नाही.

‘आपोआप’ काही होत नाही

दांडी मारून गेलेल्या माणसाचं काय? स्थायी आदेशांत ओळ असते : आठ दिवसांहून जास्त न कळवता गैरहजर राहिला तर त्याने नोकरी सोडली असं समजावं. त्या ओळीच्या जोरावर नाव कमी केलेल्या एका कामगाराचं प्रकरण १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. कंपनी म्हणत होती तो येतच नव्हता. तो म्हणत होता मी रोज येतोय, मला गेटवर अडवतायत. कोर्टाने विचारलं, तुम्ही त्याला एकदा तरी विचारलंत का? नव्हतं विचारलं. तो कामावर परत आला, निम्म्या मागच्या पगारासह. नोकरी सोडली की नाही हा माणसाच्या मनातल्या इराद्याचा प्रश्न आहे, कॅलेंडरचा नाही. गावाकडे पेरणीला गेलेला, आईच्या आजारपणात अडकलेला किंवा शेजारच्या कंपनीत लागलेला, तिघंही हजेरीपटावर सारखेच दिसतात. पत्र पाठवा, उत्तराची वाट बघा, नाही आलं तर गैरहजेरीचीच चार्जशीट द्या.

राजीनामाही तसाच. आयटीत कपातीचा हंगाम आला की बंद खोलीत एक मीटिंग होते. लॅपटॉप समोर ठेवायला सांगतात, राजीनाम्याचा मसुदा तयार असतो, “नाहीतर टर्मिनेशन लेटर देऊ, पुढे कुठे नोकरी मिळणार नाही,” आणि सही. एचआरला वाटतं सुंठीवाचून खोकला गेला. पण दबावाखालचा राजीनामा हा राजीनामा नसतो, आणि दबावाच्या खुणा कागदावर उमटतात : दहा जणांचे राजीनामे शब्दशः सारखे, एकाच दुपारचे, मंजुरीही त्याच तासातली, आणि रात्री साडेनऊला वैयक्तिक ईमेलवरून आलेलं पत्र, ‘माझ्याकडून बळजबरीने सही घेतली.’ या पत्राला उत्तर न देणं ही सगळ्यात मोठी चूक. ते तसंच पडून राहिलं की कोर्टात ‘कंपनीने कधी नाकारलंच नाही’ असं त्याचं रूपांतर होतं.

हरलात तर

कायद्याने दुसरी संधी ठेवलीय. कूपर इंजिनिअरिंगच्या प्रकरणात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चौकशी बरोबर की सदोष हे कोर्टाने आधी ठरवावं, आणि सदोष ठरली तर मालकाला तिथेच पुरावा देऊन आरोप सिद्ध करू द्यावा. ऐकायला दिलासा वाटतो. प्रत्यक्षात तोवर सहा-सात वर्षं गेलेली असतात. ज्याने चोर पकडला तो वॉचमन एजन्सी बदलून गेला, सुपरवायझर गुजरातेत, सीसीटीव्हीचं चित्रण तर महिन्याभरातच पुसलं गेलेलं.

आणि मीटर चालू असतं. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागचा पगार देणं हा साधारण नियम आहे. मधल्या काळात आपल्याला दुसरीकडे कमाई नव्हती असं त्याने एकदा सांगितलं, की तो कुठे कमवत होता हे सिद्ध करणं मालकाच्या डोक्यावर. दर वेळी पूर्ण पगार मिळतोच असं नाही, कोर्टं ठोक रकमेवरही तोडगा काढतात. पण दहा वर्षांचा पगार, त्यावरचा पीएफ आणि वकिलाची फी यांची बेरीज करून बघा, आणि ती त्या ताकीदपत्राच्या अर्ध्या पानाशेजारी ठेवा.

हिशेब

सगळं नीट पार पडलं, माणूस बडतर्फ झाला. आता त्याचे पैसे. काढलं असो वा राजीनामा असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा असं वेतन संहिता म्हणते. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ ही कंपन्यांनी स्वतःच पाडलेली रीत आहे, पगारापुरती ती आता चालणार नाही.

ग्रॅच्युइटीवर तर हमखास हात मारला जातो. चोर आहे ना, मग कशाला द्यायची? नुकसान झालं असेल तर नुकसानीपुरती अडवता येते. दंगा, हिंसा किंवा नोकरीच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर काही भाग किंवा सगळी. फौजदारी शिक्षा झालेली असायलाच हवी का, यावर बरीच वर्षं गोंधळ होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही, चौकशीतला निष्कर्षही पुरतो. त्याच निकालात एका कोळसा कंपनीतल्या माणसाने खोट्या जन्मतारखेवर नोकरी मिळवली होती, त्याची सगळी ग्रॅच्युइटी गेली. आणि तिकिटाचे पैसे खाल्लेले आपल्या एसटीचे कंडक्टर होते, त्यांची पूर्ण अडवणं जास्त होतं म्हणून कोर्टाने ते २५ टक्क्यांवर आणलं. म्हणजे इथेही तागडी आलीच. ग्रॅच्युइटी अडवण्याआधीही नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं घ्यायचं, कारण लिहायचं.

केंद्राच्या जुन्या नमुना स्थायी आदेशांत एक छोटं कलम होतं, ते मी अनेक वर्षं या धंद्यात असूनही नीट वाचलं नव्हतं. बडतर्फ झालेल्या एका वेल्डरने ते मला गेटवर दाखवलं. कायम कामगाराला नोकरी संपताना सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क आहे. निवृत्ती असो, सेवामुक्ती असो की बडतर्फी. मी आत जाऊन टाइप करून आणलं : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, वेल्डर. त्याने ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि पेन मागून पोचेवर सही केली.